जुन्या गेमच्या कर्त्याला पत्र लिहिताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शाळेच्या संगणक कक्षात खेळलेला, डॉस या विंडोजच्या आधीच्या संगणकप्रणालीवरचा एक शब्दप्रधान साहसी गेम तुम्हाला मराठीत आणायचा आहे. त्याचा मूळ कर्ता इंग्लंडमध्ये असून त्याचे स्वतःचे संकेतस्थळ आहे, हे तुम्ही शोधून काढले आहे. त्याला पाठवायच्या ईमेलचा ३४ ओळींचा मसुदा तुम्ही मला दाखवला आहे आणि ‘हे उद्धट तर वाटणार नाही ना?’ असे विचारले आहे. मसुदा उद्धट मुळीच नाही. तो जड आहे, आणि उत्तर न येण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. गेली सुमारे १५ वर्षे मी अशी पत्रे लिहीत आलो आहे, आणि माझा अनुभव असा की ज्या पत्राचे उत्तर चहा पिता पिता देता येते तेच समोरच्याला सभ्य वाटते. आदरार्थी शब्द किती वापरले, याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

या प्रकारच्या पत्रव्यवहाराचा आरंभच मोठा मासलेवाईक आहे. अमेरिकन प्रोग्रामर विल क्राउथर यांनी १९७६ च्या सुमारास गुहेत फिरण्याचा ‘ॲडव्हेंचर’ हा शब्दांचा गेम लिहिला. तो स्टॅनफर्डमधल्या एका संगणकावर डॉन वुड्स यांना सापडला. त्यात कर्त्याचे नाव होते, पत्ता नव्हता. वुड्स यांनी त्या वेळच्या जाळ्यावर जितके संगणक होते त्या प्रत्येकावर ‘क्राउथर’ या नावाने पत्र धाडले. एका ठिकाणचे पत्र पोहोचले, क्राउथर यांनी सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, पाठवून दिला, आणि वुड्स यांनी त्यात भर घालून १९७७ मध्ये जी आवृत्ती केली तीच पुढे जगभर पसरली. क्राउथर यांचा मूळ कोड नंतर हरवला असेच सगळे धरून चालले होते; २००५ मध्ये तो सापडला, आणि सापडला तोही वुड्स यांच्या विद्यार्थिदशेतल्या स्टॅनफर्डच्या खात्याच्या बॅकअपमध्ये. ज्याने विनंती केली त्याच्याकडे प्रत उरली. आज वुड्स यांची पद्धत वापरलीत तर तुमचा पत्ता तासाभरात स्पॅमच्या यादीत जाईल, पण त्यांनी एकाच गेमबद्दल, एकच गोष्ट मागितली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तुमच्या मसुद्यात मात्र तीन वेगवेगळ्या मागण्या एकमेकींत गुंतल्या आहेत. गेम कसा घडला याच्या आठवणी तुम्हाला हव्या आहेत, मूळ सोर्स कोड हवा आहे, आणि मराठी रूपांतराची परवानगीही हवी आहे. आठवण, वस्तू आणि परवानगी या तीन गोष्टी देणाऱ्याच्या दृष्टीने अगदी निराळ्या असतात. आठवण तो लगेच सांगू शकतो. वस्तूसाठी त्याला माळ्यावर चढावे लागते. परवानगी तर पुष्कळदा त्याच्या हातातच नसते. तिन्ही एकदम मागितल्या की सर्वांत अवघड मागणी बाकीच्या दोन्हींना अडवून धरते, आणि ‘वकिलाला विचारून मग बघू’ असे मनाशी म्हणून तो मनुष्य ईमेल बंद करतो. तो पुन्हा उघडला जात नाही.

परवानगीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे ‘ज्याने केला त्याचा गेम’ ही समजूत पक्की असते. टेट्रिस अलेक्सी पजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोतल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात केला, पण त्याचे हक्क सोव्हिएत सरकारच्या यंत्रणेकडे होते आणि खुद्द पजित्नोव्ह यांना त्यातून रीतसर उत्पन्न मिळू लागले ते १९९६ मध्ये. त्याआधी रॉबर्ट स्टाइन या मध्यस्थाने हंगेरीत गेम पाहून मॉस्कोला टेलेक्स पाठवला होता. उलट उत्तर अनुकूल होते, पण ते ‘बोलणी करायला आवडेल’ इतपतच होते. स्टाइन यांनी त्यालाच होकार मानले आणि करारावर सही होण्याआधीच इंग्लंड-अमेरिकेतल्या कंपन्यांना हक्क विकून टाकले. त्यातून पुढे हक्कांचा मोठा गुंता झाला. म्हणून कर्त्याने ‘छान कल्पना आहे, शुभेच्छा’ असे कळवले, तर ती शुभेच्छाच समजावी.

नोकरीत असताना केलेल्या कामाचे हक्क सहसा मालकाकडे जातात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही, वेगळा करार नसेल तर, तसेच आहे. कंपनी बुडाली, विकली गेली, तिची कागदपत्रे कोठे तरी गेली, की हक्क भलत्याच दारात जाऊन बसतात. ‘सिस्टम शॉक २’ हा गेम करणाऱ्या दोन कंपन्यांपैकी लुकिंग ग्लास २००० मध्ये बंद झाली; पुढे जुने गेम पुन्हा बाजारात आणणाऱ्या नाइटडाइव्ह स्टुडिओजने शोध घेतला तेव्हा हक्क एका विमा कंपनीकडे निघाले. त्यांनी तिच्याशी बोलणी केली आणि २०१३ मध्ये गेम पुन्हा विक्रीला आला. ‘जुना झाला म्हणजे मोकळा झाला’ असे कायद्यात काही नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि इंग्लंडमध्ये ७० वर्षे कॉपीराइट राहतो, आणि भाषांतर करण्याचा हक्क हा त्याचाच भाग आहे. तेव्हा कर्त्याला परवानगी मागू नका. हक्क सध्या कोणाकडे आहेत याची त्याला काही कल्पना आहे का, एवढे विचारा, आणि तेही पहिल्या पत्रात नको.

कधी कर्त्याला मनापासून द्यायचे असते आणि तरी सगळे देता येत नाही. ‘डूम’ या गेमचा सोर्स कोड डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाला तेव्हा त्यात ध्वनीचा भाग नव्हता, कारण त्यासाठी वापरलेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, दुसऱ्याची होती. म्हणून ‘संपूर्ण सोर्स कोड द्यावा’ असे लिहू नये. ‘जेवढे सांगता किंवा देता येईल तेवढे’ असे लिहावे.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही देतो, नाही तर तुम्ही धीर सोडाल. इंग्लंडमधल्या रिव्होल्यूशन सॉफ्टवेअरचा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा १९९४ चा गेम नव्या संगणकांवर चालेनासा होत होता. जुने साहसी गेम चालते ठेवणाऱ्या स्कमव्हीएम या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला कंपनीने सोर्स कोड दिला आणि २००३ मध्ये गेम सर्वांसाठी मोफत केला. तिथे हक्क देणाऱ्यांकडेच होते आणि मागणाऱ्यांना काय करायचे आहे ते नेमके माहीत होते. एवढे दोन्ही जुळून आले की काम होते.

आता भाषेकडे वळू. तुमचे पत्र ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होते, मध्ये ‘काइंडली डू द नीडफुल’ आहे, आणि शेवटी ‘प्लीज रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट’ आहे. आपण ही भाषा सरकारी अर्जांतून शिकलो, आणि आपल्या कानाला ती नम्र वाटते. इंग्लंड-अमेरिकेतल्या साठीच्या घरातल्या प्रोग्रामरला पहिले वाक्य दरबारी वाटते, दुसऱ्याचा अर्थ लागत नाही आणि तिसरे हुकमासारखे वाटते. शिवाय ‘सर’ म्हणजे समोर पुरुषच आहे हे गृहीत धरणे झाले. ‘रिव्हर रेड’ हा गेम कॅरल शॉ यांनी केला आणि ‘मिस्टरी हाउस’ रॉबर्टा विल्यम्स यांनी, हे माहीत नसलेला मनुष्य ‘डिअर सर’ लिहून पहिल्याच ओळीत स्वतःला उघडा पाडतो. पूर्ण नावाने संबोधावे. उत्तराखाली त्यांनी नुसते पहिले नाव लिहिले असेल तर पुढच्या पत्रात तेच वापरावे, आपल्याला कितीही अवघडल्यासारखे झाले तरी. जपानी कर्त्यांच्या बाबतीत आणखी एक सांगून ठेवतो: ऐंशीच्या दशकातल्या कित्येक जपानी गेमच्या श्रेयनामावलीत टोपणनावेच असत, कारण दुसऱ्या कंपनीने माणसे पळवू नयेत असे मालकांना वाटे. असे टोपणनाव तुम्ही उकललेत, तर त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय ते चारचौघांत सांगू नका.

माझे पहिले पत्र मी अजून जपून ठेवले आहे. त्यात ९ प्रश्न होते, त्यांपैकी ४ प्रश्नांची उत्तरे त्या गेमच्या माहितीपुस्तिकेतच होती, सोबत ३ चित्रे जोडलेली होती, आणि माझ्या बालपणावर २ परिच्छेद होते. शेवटी मी लिहिले होते की आपल्या उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहे. अर्थात ते आले नाही. ४ वर्षांनी त्याच गृहस्थांना मी ५ वाक्यांचे पत्र लिहिले: आवाजासाठी वापरलेली एक फाइल कोणत्या प्रोग्रामने बनवली होती, एवढेच त्यात विचारले. ११ दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी, मी काहीही न विचारता, लांबलचक दुसरे पत्र आले. त्यांनी आपले नाव कोठे येऊ नये असे सांगितल्यामुळे गेमचे नावही इथे देत नाही. पण हा क्रम मी नंतर वारंवार पाहिला आहे. नेमका प्रश्न माणसाला त्या खोलीत, त्या टेबलापाशी परत नेतो, आणि एकदा तिथे पोहोचला की तो आपणहून बोलू लागतो. ‘गेम बनवतानाचा अनुभव सांगा’ या वाक्याने तो कोठेच पोहोचत नाही.

नेमका प्रश्न सुचायचा तर आधी वाचन हवे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेमचे उदाहरण घ्या. त्यातला सावलीचा माणूस, आरशातून बाहेर पडणारा, हा ॲपल टू संगणकावर नव्या पात्राच्या चित्रांना जागाच उरली नव्हती म्हणून राजपुत्राच्याच चित्रांवर गणिती करामत करून काढला होता, हे त्याचे कर्ते जॉर्डन मेकनर यांनी स्वतः वेळोवेळी सांगितले आहे. बरीच वर्षे हरवलेला मानलेला त्याचा सोर्स कोड २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना कपाटात सापडलेल्या फ्लॉप्यांवरून वाचून काढला गेला आणि तो आता कोणालाही पाहता येतो. आता मेकनर यांना ‘सावलीच्या माणसाची कल्पना कशी सुचली?’ किंवा ‘कोड मिळेल का?’ असे विचारणारे पत्र जेव्हा जाते, तेव्हा ते कितीही गोड शब्दांत असले तरी त्याचा अर्थ ‘मी काही वाचलेले नाही, तुम्हीच पुन्हा सांगा’ असाच होतो. कर्त्याचे संकेतस्थळ, मुलाखती, गेमसोबतची पुस्तिका, श्रेयनामावलीचा पडदा आणि मोबीगेम्स या गेमच्या माहितीच्या संकेतस्थळावरची नोंद, एवढे तरी आधी पाहून घ्यावे. आणि पाहिले आहे हे पत्रात अर्ध्या वाक्यात दिसावे.

त्याच गेमवरून आठवले. तुम्ही विचारले आहे की शाळेतली प्रत चोरीची होती हे सांगावे की लपवावे. आपल्यापैकी बहुतेकांनी ‘प्रिन्स’ फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरवूनच खेळला. पहिली पातळी संपल्यावर अक्षरांच्या बाटल्यांची खोली यायची. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचे आद्याक्षर असलेली बाटली तिथे प्यायची असे. पुस्तिका कोणाकडेच नव्हती, म्हणून आमच्या वर्गात प्रत्येक जण अंदाजाने एकेक बाटली पिऊन मरत असे, आणि ज्याला ती पातळी ओलांडून देणारा ‘मेगाहिट’ हा परवलीचा शब्द ठाऊक होता तो त्या तासापुरता राजा असे. हे कर्त्यांना माहीत आहे. त्या काळी भारतात गेम सहजी विकत मिळत नव्हते हेही त्यांना माहीत आहे. ‘आमची प्रत नकललेली होती’ असे सरळ तीन-चार शब्दांत लिहा आणि पुढे जा. लांबलचक क्षमायाचना केली की त्यालाच तुमचे सांत्वन करावे लागते.

पत्ता कोणता वापरावा हा प्रश्न तुमच्यापुरता सुटलेला आहे, कारण संकेतस्थळावर संपर्काचा पत्ता दिलेला आहे. इतरांसाठी एवढेच की शेअरवेअरच्या (आधी वापरा, आवडले तर पैसे पाठवा) काळातल्या ‘रीडमी’ या माहितीच्या फाइलींत घरचे पत्ते आणि फोन नंबर असत. ते ३० वर्षांपूर्वी फ्लॉपीच्या पैशांसाठी दिलेले होते, आज तिथे भलतेच कुटुंब राहत असेल. ते वापरू नयेत. मुलांना किंवा जोडीदाराला गाठून ‘जरा बाबांना विचारा’ असे तर कधीच करू नये. कर्ता हयात नाही असे कळले तर घरच्यांना पहिले पत्र केवळ आदराचे असावे, फ्लॉपी हा शब्दही त्यात नको.

आता तुमचे पत्र. मूळ अर्थातच इंग्रजीत जाईल; मी त्याचा आशय मराठीत मांडतो. विषयाच्या ओळीत गेमचे नाव, वर्ष आणि ‘मजकुराच्या साठवणीबद्दल एक प्रश्न’ एवढेच. मग:

‘मी पुण्यात राहतो. १९९८ मध्ये शाळेच्या संगणक कक्षात आम्ही तुमचा गेम एका नकललेल्या फ्लॉपीवरून खेळलो, आणि नकाशा वहीच्या मागच्या पानावर काढून पूर्ण केला. तुमच्या संकेतस्थळावरची निर्मितीची टिपणे मी वाचली आहेत. त्यांत एका गोष्टीचा उल्लेख आढळला नाही. पडद्यावर दिसणारी वाक्ये स्वतंत्र फाइलमध्ये होती की प्रोग्रामच्या आतच, हे तुम्हाला आठवते का? मराठी ही माझी भाषा वेगळ्या लिपीत लिहिली जाते आणि तिची अक्षरे त्या पडद्यावर बसतील का याचा मी अंदाज घेत आहे. आठवत नसेल किंवा सांगता येत नसेल तर तसे कळवले तरी पुरे आहे. तुमचे उत्तर तुम्हाला विचारल्याशिवाय मी कोठेही देणार नाही.’

यातला प्रश्न मी मुद्दाम तांत्रिक ठेवला आहे, कारण तुमचे सगळे काम त्यावरच अडणार आहे. डॉसच्या चित्रपडद्यावर एका अक्षराला सहसा ८ बाय ८ ठिपक्यांची चौकट मिळते. इंग्रजी ‘ए’ तिच्यात ऐसपैस बसतो. आपल्या ‘राष्ट्रीय’ला शिरोरेषेसाठी एक ओळ द्या, वर वेलांटीला दोन, खाली जोडाक्षराला दोन, की मधल्या ‘ष’साठी तीन ठिपके उरतात, आणि तीन ठिपक्यांत ‘ष’ आणि ‘प’ यांत फरक दाखवता येत नाही. म्हणजे अक्षरसंच मोठा करावा लागेल, ओळी कमी बसतील, वाक्ये तोडावी लागतील. वाक्ये वेगळ्या फाइलमध्ये असतील तर हे शक्य कोटीतले आहे. प्रोग्रामच्या आत कोंबलेली असतील तर सोर्स कोडशिवाय फार कष्ट पडतील. ज्याने ३२० बाय २०० ठिपक्यांत उमेदीची वर्षे घालवली त्याला हा पेच एका नजरेत कळतो, आणि असा पेच समोर आला की तो बहुधा गप्प बसत नाही.

ईमेल साध्या मजकुरात पाठवा. जोडपत्र नको, लघुरूप केलेले दुवे नकोत. उत्तर नाही आले तर ४ आठवड्यांनी एकच आठवण, तीही मूळ पत्राखालीच, दोन ओळींची. त्यानंतर थांबायचे. समाजमाध्यमांवर जाहीरपणे नाव घेऊन ‘ईमेल पाहिला का?’ असे विचारणे मला सर्वांत असभ्य वाटते, कारण तिथे त्याला गप्प बसण्याची सोय राहत नाही.

उत्तर आले तर दोन दिवसांत आभार माना, आणि दुसरा प्रश्न त्या आभाराच्या पत्रात घालू नका. समजा त्याने ‘माझ्याकडे मूळ फ्लॉप्या आहेत, पाठवू का?’ असे विचारले, तर मोह आवरा. एक तर आपल्याकडे कस्टममध्ये पार्सल अडकू शकते. दुसरे, आपल्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरते आणि बुरशीची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की चकती आणि ड्राइव्हचे हेड दोन्ही जातात. इंग्लंडमध्ये केंब्रिजला सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्टरी आहे, तसे एखादे संग्रहालय सुचवा. अमेरिकन कर्ता असता तर मी रॉचेस्टरचे स्ट्राँग संग्रहालय सुचवले असते. घरीच करू म्हणाला तर क्रायोफ्लक्स किंवा ग्रीसवीझल यांसारख्या साधनाने चुंबकीय पृष्ठभागाची जशीच्या तशी नोंद घ्यावी, आणि ती होईपर्यंत फ्लॉपी साध्या ड्राइव्हमध्ये ‘चालते का बघू’ म्हणून घालू नये, हे मात्र त्याला जरूर लिहा. पुष्कळ जण नेमके तेच आधी करतात.

तुमच्या ३४ ओळींपैकी मला एक ओळ फार आवडली: वहीच्या मागच्या पानावरच्या नकाशाची. ती मी ठेवली आहे. वही अजून असेल तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा, पण पहिल्या पत्राला जोडू नका. त्याचे उत्तर आल्यावर, आभाराच्या पत्रासोबत पाठवा.